घरून आणलेली कॉफी

हिंगोली जिल्ह्यात माझ्या थोरल्या साडूंनी ज्याच्या चहाला अजून नाही म्हटलेलं नाही असा माणूस शोधायचा झाला, तर तो कालच बदली होऊन आलेला निघेल. साखरपुडा असो, वास्तुशांती असो, कुणी गेल्यावर भेटायला जाणं असो, दृश्य एकच. समोरून कपबशी येते, साडू दोन्ही हात छातीशी जोडतात, मान किंचित तिरकी करतात आणि खांद्यावरच्या कापडी पिशवीतून स्टीलचा थर्मास काढतात. "तुमी घ्या. माझी घरची हाय," असं म्हणून ते थर्मासच्या झाकणात कॉफी ओततात आणि यजमान हातातल्या कपाचं काय करावं या विचारात असताना शांतपणे पिऊ लागतात. पाण्याची बाटलीसुद्धा स्वतःची. आमच्या भागात चहाला नाही म्हणणं म्हणजे चहा देणाऱ्यालाच नाही म्हणणं. त्यामुळे साडूंना लोकांनी आजवर काय काय म्हटलं असेल ते तुम्ही ओळखू शकता. कंजूष हा त्यातला सगळ्यात सभ्य शब्द.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार कळमनुरी. तालुक्याच्या एका कचेरीत आयुष्यभर कारकुनी करून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मी हिंगोलीत शाळामास्तर. त्यांची एकुलती एक लेक, आमची भाची, सेनगावला दिलेली आहे. जावयाचं बी-बियाण्याचं दुकान आहे, माणूस भला आहे. कळमनुरीहून सेनगावला जायचं तर हिंगोलीत गाडी बदलावी लागते, म्हणून महिन्यातून एकदा साडू आमच्याकडे अर्धा तास टेकतात आणि आमच्याच खुर्चीत बसून स्वतःची कॉफी पितात. भाचीच्या लग्नाला अकरा वर्षं झाली आणि घरात पाळणा हललेला नाही. साडूंच्या घराण्यात जुनी रीत अशी की लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. पूर्वी वर्ष-दीड वर्षात नातवंड यायचं, त्यामुळे रीत पाळणाऱ्याला फार दिवस तहान काढावी लागत नसे. साडूंच्या वाट्याला अकरा वर्षं आली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी त्यांची पुष्कळ थट्टा करणार आहे, आणि ती करताना मला फारसं हसू येत नाही हेही तुम्हाला माहीत असलेलं बरं.

कॉफीचा जन्म वारंगा फाट्यावर झाला. सहा वर्षांपूर्वी नांदेडच्या डॉक्टरांना दाखवून लेक, जावई आणि साडू जावयाच्या गाडीतून परत येत होते. फाट्यावर नवं काचेचं दुकान झालं होतं. आत गारवा, मऊ खुर्च्या आणि भिंतीवर कॉफीच्या नावांची यादी. डॉक्टरांनी काही फार चांगलं सांगितलं नव्हतं, म्हणून जावयानं जरा बरं वाटावं या हेतूनं सगळ्यांना आत नेलं. साडूंनी चष्मा पुसून यादी वाचली आणि गल्ल्यावरच्या माणसाला विचारलं, "एकशे साठ म्हणजे किलोचा भाव का?" तो म्हणाला, एका कपाचा. साडू ताडकन उठले. "एकशे साठ रुपयांची कॉफी? घरी करून पिऊ!" असं इतक्या मोठ्यानं म्हणाले की शेजारच्या टेबलावरची दोन माणसं आपापल्या कपाकडे अपराधी नजरेनं बघू लागली. भाची त्या दिवसात पहिल्यांदाच हसली, असं जावई सांगतो.

दुसऱ्या दिवसापासून साडूंनी खरोखरच घरी कॉफी सुरू केली. तोवर कॉफी त्यांच्या घरी फक्त सर्दी-पडशाला होत असे. पण आता त्यांच्याकडे अर्थशास्त्र आलं होतं. ते असं की फाट्यावर कप एकशे साठला, घरी दहा रुपयांत, म्हणजे कपामागे दीडशे वाचले. दिवसाला दोन कप प्यायले की तीनशे. मी एकदा म्हणालो, "अहो, तुम्ही तिथं कधी प्यायलाच नाहीत, मग वाचले कुठून? आणि वाचले असतील तर दाखवा तरी." त्यावर त्यांनी माझ्याकडे, शाळामास्तराकडे बघावं तसंच, कीव आल्यासारखं पाहिलं. "वाचलेले पैसे दिसत नसतात, मास्तर. खर्च झालेले दिसतात." या वाक्यावर मी अजून विचार करतो आहे.

कॉफी करण्याची त्यांची पद्धत म्हणजे एक अनुष्ठानच. पहाटे आंघोळ, देवपूजा, मग कॉफी. दुकानात मिळते ती छोटी पुडी कात्रीनं कोपऱ्यात कापायची, अर्धी वापरायची, उरलेल्या अर्धीला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून डब्यात ठेवायची. दूध तीन वेळा वर येऊ द्यायचं, दोनदा नाही, चारदाही नाही. मग जायफळ. सहाणेवर गंधासारखं उगाळून ते बोटानं दुधात सोडायचं. किती वेढे द्यायचे हे मात्र पुडीसारखं ठरलेलं नव्हतं, ते मनावर होतं. मन ठीक असेल तर चार वेढे. सेनगावला जायचं असेल त्या दिवशी हात थांबायचाच नाही. जायफळानं झोप येते हे साऱ्या जगाला ठाऊक आहे, साडूंना पटत नव्हतं. एकदा लेकीकडून परत येताना हिंगोलीच्या स्टँडवर त्यांनी उरलेली कॉफी संपवली आणि कळमनुरीच्या गाडीत बसले. कळमनुरी आलं, गेलं. फाटा आला, गेला. कंडक्टरनं खांदा हलवला तेव्हा गाडी नांदेडच्या स्टँडवर उभी होती. दिवसभर पोटात अन्नाचा कण नसलेला हा म्हातारा बघून कंडक्टरला दया आली आणि तो म्हणाला, "काका, चला, चहा पाजतो." साडूंनी हात जोडले. थर्मास रिकामा होता तरी हात जोडले.

कचेरीत तर या थर्मासनं घोटाळाच केला. एका खेड्यातला गृहस्थ कागदाच्या कामासाठी आला आणि रीतीप्रमाणे म्हणाला, "साहेब, चहा सांगतो." साडू नको म्हणाले. गृहस्थ घाबरला. चहा न घेणारा कारकून म्हणजे याचा आकडा मोठा असणार. त्यानं बाहेर येऊन शिपायाला हळूच विचारलं, "साहेब चहा घेईनात. काहून? किती घेतात ते?" शिपाई खवचट. म्हणाला, "ते कॉफी घेतात." तो भला माणूस भर उन्हात अर्धं कळमनुरी हिंडला आणि कुठून तरी कागदानं झाकलेला कॉफीचा पेला घेऊन घामाघूम होऊन हजर झाला. साडूंनी तीही घेतली नाही. उलट त्याला खुर्चीवर बसवून थर्मासचं झाकण भरून दिलं आणि त्याचं काम त्याच्यासमोर करून टाकलं. गृहस्थ दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. काम फुकटात आणि वर कॉफी मिळून झालं, तेव्हा कागदात नक्की काहीतरी खोट राहिली असणार, ती बघायला. निरोपसमारंभाला सहकाऱ्यांनी शाल-नारळाबरोबर एक नवा मोठा थर्मासही दिला. देणाऱ्यांच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. साडूंना थट्टा कळली नाही. भाषणात ते म्हणाले, "आजवर मिळालेल्या भेटींत हीच एक कामाची," आणि थर्मास पिशवीत ठेवला.

मला आश्चर्य याचं वाटे की हेच साडू पूर्वी अगदी उलट होते. आमच्या लग्नानंतरची कित्येक वर्षं मला आठवतात. कळमनुरीच्या आठवडी बाजारात साडूंबरोबर जायचं म्हणजे पोटाची परीक्षा. चार पावलांवर कुणीतरी भेटणार आणि साडू त्याला हॉटेलात ओढून नेणार. पैसे दुसऱ्यानं काढले तर ते रुसायचे. मेहुणीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, उसाचा रस आवडतो म्हणून गुऱ्हाळापुढे उभे राहून तिला दोन-दोन पेले आग्रहानं पाजायचे. असा माणूस साठीजवळ येऊन पुडीला चिमटा लावतो, याचं कारण मी वय, पेन्शन, एकटेपणा यांत शोधत होतो. मेहुणी तीन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून तर मी त्यांना काही बोलणंच सोडून दिलं होतं.

बोललो एकदाच. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस ते सेनगावला जाताना आमच्याकडे थांबले होते. बायकोनं आलं घालून चहा केला, समोर ठेवला. साडूंनी हात जोडले. बायको आत गेली आणि ओट्याशी उभी राहून रडू लागली. मला राहवलं नाही. म्हणालो, "साडूभाऊ, तिची बहीण गेली. माहेरचं म्हणावं असं तिला आता तुम्हीच. तिच्या हातचा एक कप चहा घेतलात तर काय तुमचं दिवाळं निघणार आहे?"

साडू हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, तुमच्याकडं घेतला अन् लेकीकडं न्हाई घेतला, तर तिला काय वाटंल? बाप साऱ्या दुनियेचं पितो, फकस्त माझ्याच दारी न्हाई म्हणतो. काहून? तर मला लेकरू न्हाई म्हणून. प्रत्येक खेपेला तिला तेच दिसंल. आता मी कुणाचंच घेत न्हाई. तिला वाटतं, बाप कंजूष झाला. वाटू द्या. कंजूष बापाची तकलीफ कमी असती."

मी म्हणालो, "मग सोडून द्या ना ती रीत. कोण विचारतंय आता?"

"मी कुठं मानतो? तिच्या आईनं मानलं." मग त्यांनी जे सांगितलं ते आम्हा नवरा-बायकोला कधीच कळलं नव्हतं. भाचीच्या लग्नाला दोन वर्षं होऊन गेल्यावर तिला दिवस गेले होते. तिसरा महिना. मेहुणी भर उन्हाळ्यात तिला भेटायला गेली. घशाला कोरड पडली म्हणून तिनं लेकीकडे अर्धा कप चहा मागून घेतला. पंधरा दिवसांनी सगळं संपलं. पुन्हा तिला दिवस राहिले नाहीत. "डॉक्टर म्हणाले, असं होतं, कुणाचा दोष न्हाई. पण हिच्या डोक्यातून तो अर्धा कप गेला न्हाई. मरताना माझा हात धरून म्हणाली, मी चुकले, तुमी चुकू नका. आता सांगा, मी काय करू?"

मी शाळेत मुलांना अंधश्रद्धेवर दरवर्षी भाषण देतो. त्यातलं एक वाक्य मला त्या वेळी सुचलं नाही. बायको पदर डोळ्यांना लावून बाहेर आली आणि तिनं चहाचा कप उचलून नेला. त्यानंतर ते आले की ती फक्त त्यांचा थर्मास गरम पाण्यानं विसळून देते.

या संक्रांतीला बायकोनं भाचीसाठी साडी आणि तिळाचे लाडू दिले आणि मला साडूंबरोबर धाडलं. काळीपिवळी जीपमध्ये गर्दीत गुडघे पोटाशी घेऊन आम्ही सेनगावला उतरलो. जावई दुकानात होता. भाचीनं मला चहा दिला आणि साडूंना नुसतं "बसा बाबा" म्हणाली, नेहमीसारखं. साडू पिशवीत हात घालू लागले तेवढ्यात ती आतून दुसरा कप घेऊन आली आणि त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवला. कॉफी होती. जायफळाचा वास खोलीभर पसरला.

साडूंचे हात जोडले गेले.

"बाबा, थांबा," ती म्हणाली. "नांदेडचं बंद केलं आमी. गोळ्या, इंजेक्शनं, सगळं."

"डॉक्टर म्हणाले?"

"डॉक्टर कशाला म्हणतील? आमीच ठरवलं. मी थकले, बाबा. हेही थकले. आता लेकरू होणार न्हाई."

साडूंचा चेहरा मला बघवेना. "अजून एक वर्ष बघा की," ते म्हणाले. मी त्या बारक्या आवाजात त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. तो कप उचलणं म्हणजे काय, हे तिथं बसलेल्या आम्हा तिघांनाही समजत होतं. कप घेतला की नातवंडाची वाट बघणं संपलं. इतकी वर्षं ते लोकांना नाही म्हणत होते, कारण एका गोष्टीला त्यांना नाही म्हणायचं नव्हतं.

भाची त्यांच्या पायाशी खाली बसली. "तुमी कंजूष न्हाईत हे मला फाट्यावरच कळलं होतं. पैसे हे देणार होते, म्हणून तुमी भावाचं निमित्त केलंत. आईला दोन-दोन पेले रस पाजणारा माणूस एका दिवसात कंजूष होतो का? पण तुमाला वाटत होतं मला कळत न्हाई, तर म्हणलं, वाटू द्यावं. अन् एक सांगायचं राहिलं, बाबा. आईनं त्या दिवशी चहा मागितला नव्हता."

साडूंनी मान वर केली.

"ती नको नको म्हणत होती. मी आग्रह केला. म्हणलं, आई, लेकरू तर येऊनच राहिलं, आता काय राहिलं पाळायचं? घे अर्धा कप. तिनं तुमाला सांगितलं, मी मागितला. माझ्यावर येऊ दिलं न्हाई तिनं. म्हणून मी तुमाला कधी आग्रह केला न्हाई. इतकी वर्षं दारात आलेल्या बापाला पाणी विचारलं न्हाई मी. आज विचारते. आता तुमी घेतलं तरी काही बिघडायचं न्हाई, अन् न्हाई घेतलं तरी काही व्हायचं न्हाई. मग घ्या ना."

साडूंनी कप उचलला. दोन्ही हातांनी बशीसकट धरला. पहिला घोट घेतला, डोळे मिटले, आणि मग गरम आहे की नाही हे न बघता घोटामागून घोट घेत सगळी संपवून टाकली. खाली ठेवताना म्हणाले, "पुडी अख्खी टाकलीस का?" ती म्हणाली, "दोन टाकल्या." "महाग पडंल," ते म्हणाले. त्यावर भाची हसायला लागली आणि हसता हसता त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडली. साडू तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. मी माझा थंड झालेला चहा घेऊन दारात जाऊन उभा राहिलो. मलाही रडू येत होतं आणि ते लपवायला माझ्याकडे तेवढीच जागा होती.

परतीची जीप भरायला वेळ होता. आम्ही मधल्या बाकावर बसलो. साडू खिडकीबाहेर बघत होते. तसेच बघत म्हणाले, "हिच्या आईनं नाव ठरवून ठेवलं होतं. पोरगं झालं तर एक, पोरगी झाली तर एक." कोणती नावं, हे मी विचारलं नाही. मग म्हणाले, "निघताना लेक म्हणाली, अजून एक कप करते. मी न्हाई म्हणलं, मास्तर. सवयीनं तोंडातून गेलं."

"मग उतरा," मी म्हणालो.

"गाडी सुटंल."

"सुटू द्या. दुसरी मिळेल. उतरा तुम्ही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पिशवी खांद्याला अडकवून ते दोन माणसांच्या गुडघ्यांवरून कसेबसे खाली उतरले आणि धोतराचा सोगा हातात धरून आलेल्या रस्त्यानं चालू लागले, त्यांच्या वयाला शोभणार नाही इतक्या भराभर. ड्रायव्हरनं हिंगोली, हिंगोली म्हणून आणखी दोघं आणले आणि मला सरकायला सांगितलं. साडूंची जागा मी थोडा वेळ धरून ठेवली. मग सरकून बसलो.